रतनबाई गावाला गेल्यात

कर चुकवण्यासाठी माणसं काय काय युक्त्या लढवतात हे सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण 'माझा कर माझ्याकडूनच घ्या' म्हणून हात धुऊन सरकारच्या मागं लागलेली बाई सगळ्या राहुरी तालुक्यात एकच निघाली असेल. रतनबाई आदिनाथ फुंदे. राहुरीबाहेर मुळा कालव्याच्या कडेला तिचं पत्र्याचं शेड आहे, त्यात तीन शिलाई मशिनी आहेत आणि तिथं ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांसाठी ताडपत्रीच्या खोप्या शिवल्या जातात. खोपी म्हणजे टोळीनं उसाच्या फडाजवळ उभारायची राहायची जागा. चार-पाच महिन्यांचं घरच ते, फक्त गुंडाळून ट्रॅक्टरवर टाकता येतं एवढंच.

रतनबाई पंचेचाळिशीची. अंगानं काटक, बोलायला कमी. कमी बोलण्याचं एक कारण असं की कामाच्या वेळी तिच्या तोंडात चार-पाच रिंगा असतात. ताडपत्रीच्या काठाला भोक पाडायचं, तोंडातली रिंग काढून त्यात बसवायची, हातोडीनं ठोकायची, की पुढचं भोक. त्यामुळं 'हं' नाहीतर 'अंहं' यापलीकडं उत्तर हवं असेल तर माणसाला ठोकाठोकी संपेपर्यंत थांबावं लागतं. सासू केशरबाई मात्र दोघींच्या वाटचं बोलते. शेडच्या दारात पोतं टाकून ती बसलेली असते. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं इतकं स्वच्छ दिसतं की कालव्यापलीकडं कोणाच्या म्हशीनं मान हलवली तेही ती आतल्या बायकांना कळवते.

मूळची ही माणसं पाथर्डीकडची. डोंगराकडेची कोरडवाहू जमीन, दसरा झाला की घराला कुलूप आणि कारखान्याची वाट. लग्न होऊन आली त्याच वर्षी रतनबाई फडात उतरली आणि पुढं चौदा हंगाम तिनं ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. टोळीत माणसं किती असं कोणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. मुकादमाच्या वहीत कोयत्यापुढं नाव लागतं ते नवऱ्याचं. तेव्हा चौदा वर्षं वहीत आदिनाथ फुंदे होता आणि रतनबाई त्या कोयत्याचा अर्धा भाग. मोळ्या तिनं बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, गाडीत चढवल्या, पण तिचं नाव लिहायची गरज कोणाला पडली नाही. बाईचं पुरं नाव घेऊन कोणी आलंच तर समजायचं की काहीतरी बिनसलंय. एकतर मुकादम भांडायला आलाय, नाहीतर पोलीस पंचनाम्याला. अशा वेळी काय म्हणायचं हे टोळीतल्या सगळ्या बायकांना पाठ असायचं. ती बाई गावाला गेलेली असायची.

पुढं आदिनाथला राहुरीत एका बागायतदाराकडं ट्रॅक्टरवर कायमचं काम मिळालं आणि कोयता खाली ठेवला गेला. रतनबाई रिकामी बसणाऱ्यांतली नव्हती. आधी लोकांच्या फाटक्या ताडपत्र्या सांधून दिल्या, मग जाड कापड शिवायची जुनी मशीन घेतली, मग छबूबाई आणि आणखी दोघी मदतीला आल्या. खोपी कशी असावी हे तिला कोणी शिकवायला नको होतं, चौदा वर्षं ती खोपीत निजली होती. खालच्या काठाला आत वळणारी हातभर पट्टी हवी, म्हणजे पाणी आणि विंचू आत येत नाहीत. चुलीच्या बाजूला धूर जायला वर झडप हवी. आणि मागच्या अंगाला आडोसा हवा.

हा आडोसा म्हणजे रतनबाईच्या खोपीचा जीव. खोपीला मागून जोडलेला, तीन बाजूंनी बंद, पुरुषभर उंच, आत बादली ठेवून एका बाईला निवांत अंघोळ करता येईल एवढा. फडावर बायका अंघोळ करतात ती पुरुष उठायच्या आत, अंधारात. दोघींनी लुगडं धरायचं आणि तिसरीनं चार तांबे घाईघाईनं अंगावर घ्यायचे. पौषातल्या थंडीत ते पाणी अंगावर पडताना काय होतं हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. रतनबाईनं ते चौदा वर्षं भोगलं होतं, आणि हाती मशीन आल्यावर तिनं सगळ्यात आधी त्याचाच बंदोबस्त केला.

खोप्या विकल्या जायच्या त्या राहुरीतले ताडपत्रीचे व्यापारी राधाकृष्ण शेठ यांच्या दुकानातून. माल तिचा, बिल शेठचं, त्यावरचा कर शेठच भरणार. माणूस वाईट नव्हता, गेलं की चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. पण बिल ज्याचं, माल कसा असावा हे ठरवणारही तोच, आणि आडोशाला लागणारं कापड शेठच्या डोळ्यांत खुपायचं. "रतनबाई, आडोसा काढून टाका. लोक खोपी राहायला घेतात, अंघोळीला नाही," असं ते हसत हसत सांगायचे. रतनबाई 'अंहं' म्हणायची. शेवटी शेठनी निम्म्या खोप्यांचे आडोसे दुकानातच उसवले आणि त्या कापडाच्या पिशव्या केल्या. बाजारात लोकांच्या हातात त्या पिशव्या बघून रतन चार दिवस जेवली नाही, असं केशरबाई सांगते. केशरबाईच्या सांगण्यातले दोन दिवस वजा करावेत, पण ते बाईच्या मनाला फार लागलं हे खरं.

मागच्या हंगामात न उसवलेल्या काही खोप्या दोन टोळ्यांत गेल्या आणि बाकीच्या टोळ्यांतल्या बायकांनी त्या पाहिल्या. बायकांनी नवऱ्यांचं डोकं खाल्लं, नवऱ्यांनी मुकादमांचं आणि मुकादमांनी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांचं. हल्ली टोळ्या मिळायची मारामार, तेव्हा हे साहेब गणपतीच्या दिवसांत स्वतः शेडवर आले. खोपीत वाकून शिरले, आडोशात उभे राहून आले आणि म्हणाले, "ऐंशी लागतील. अशाच. पण आम्हाला खरेदी जीएसटी नंबर असलेल्याकडूनच करता येते. तुमचा नंबर असेल तर तुमच्याकडून, नाहीतर शेठकडून. दसऱ्यापर्यंत सांगा."

शेठकडून म्हणजे आडोशाविना. एवढं न कळण्याइतकी रतनबाई भोळी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती राहुरीच्या स्टँडमागं सृष्टीच्या सेवा केंद्रात हजर झाली. सृष्टी पंचविशीची पोरगी, कॉम्प्युटरवर बसून अर्ध्या तालुक्याचे अर्ज भरते आणि प्रत्येकाला काका-काकू करून चार शब्द सुनावतेही.

"काकू, तुमचा धंदा एवढा मोठा नाही, तुम्हाला नंबर घ्यायची सक्ती नाही," सृष्टी म्हणाली. "एकदा घेतला की विवरण भरत बसावं लागतं, कर भरावा लागतो. लोक ही कटकट नको म्हणून पळतात आणि तुम्ही मागून घेताय."

"असू दे. माजा कर मी भरीन. मंग खोपी कशी शिवायची ते बी मीच ठरवीन," रतनबाई म्हणाली. त्या दिवशी तोंडात रिंगा नव्हत्या, म्हणून वाक्य पुरं आलं.

अर्जात एके ठिकाणी मालकाचं नाव होतं. सृष्टीनं सवयीनं विचारलं, "आदिनाथकाकांचं टाकू ना?" शेड आदिनाथच्या नावावर होतं, लाइट बिल त्याच्या नावावर होतं, आजवर जे जे कागदावर आलं ते त्याच्याच नावावर होतं आणि तिला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. "माजं टाक," ती म्हणाली.

शेड नवऱ्याचं म्हणून नवऱ्याचं संमतीपत्र लागलं, तेही स्टॅम्प पेपरवर. सदर शेड माझी पत्नी हिने व्यवसायासाठी वापरण्यास माझी कोणतीही हरकत नाही. आदिनाथनं ते दोनदा वाचलं. "हरकत न्हाई म्हंजी? मला इचारतंय कोन?" असं म्हणत त्यानं सही केली. पुढं आठवडाभर शेडमधल्या बायका त्याला 'हरकत नाही' याच नावानं ओळखत होत्या, आणि तोही चहा मागायला आला की दारातूनच "हरकत न्हाई ना?" असं विचारून आत यायचा.

मग नगरला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. ऊस, दोरा आणि हातोडी यांनी रतनबाईची बोटं अशी गुळगुळीत करून ठेवली होती की ठसे घ्यायचं यंत्र तिला ओळखायलाच तयार होईना. पाच वेळा प्रयत्न झाले. "मग आता अधिकारी जागेवर येऊन बघतील," सृष्टीनं सांगितलं. "कधी येतील ते कळवणार नाहीत. तुम्ही मात्र तिथं असायला पाहिजे, काकू. कुठं जाऊ नका."

रतनबाई कुठं जाणार होती? शेड झाडून घेतलं, नवे कप आणले, बिस्किटांचा पुडा डब्यात जपून ठेवला. 'रतन ताडपत्री उद्योग' असा बोर्ड रंगवायला पेंटरकडं दिला. केशरबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसायला काढलं आणि रस्त्यावर नजर ठेवली. साहेब म्हणजे पांढरी गाडी येणार, पुढं ड्रायव्हर असणार, मागून शिपाई उतरणार. निदान केशरबाईच्या मनातला साहेब तरी असाच होता, आणि तिनं तो साऱ्यांना इतक्या वेळा सांगितला की रतनबाईलाही तो तसाच दिसू लागला.

पितृपंधरवड्यातली दुपार होती. छबूबाई आणि दुसऱ्या दोघी जेवायला घरी गेल्या होत्या. धुळीनं माखलेली एक मोटारसायकल शेडपुढं थांबली. गाडीवरच्या माणसानं उन्हासाठी तोंडाला रुमाल बांधलेला, खांद्याला पिशवी, हातात कागद. रुमाल न सोडताच त्यानं कागदावर बघत विचारलं, "रतनबाई आदिनाथ फुंदे कोण?"

पुरं नाव. तेही अनोळखी पुरुषाच्या तोंडून, हातात कागद घेऊन. रतनबाईनं तोंडातल्या रिंगा हातावर काढल्या, पदर कपाळावर ओढला आणि इतक्या वर्षांचं पाठांतर आपसूक बाहेर आलं.

"त्या गावाला गेल्यात."

"कधी येतील?"

इथं केशरबाईला राहवलं नाही. एवढी चांगली थाप अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आता दिवाळीबिगर काय येत न्हाईत त्या," ती म्हणाली.

"हे शेड कोणाचं आहे?"

"आमाला काय ठाव. आमी रोजानं येतो," रतनबाई म्हणाली.

माणसानं शेडचे दोन फोटो काढले, कागदावर काहीतरी खरडलं आणि पाणी मागितलं. केशरबाईनं तांब्या दिला. रुमाल ओठांपुरता वर करून तो पाणी प्यायला आणि निघून गेला. छबूबाई जेवून आली तेव्हा गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती.

"कोन हुतं?" तिनं विचारलं.

"कोन की. रतनबाईला इचारीत हुता," रतनबाई म्हणाली, रिंगा परत तोंडात धरल्या आणि पुढचं भोक पाडलं.

त्यानंतर चार दिवस दोघी सासू-सुना पांढऱ्या गाडीची वाट बघत होत्या. पाचव्या दिवशी सृष्टीचा फोन आला, लगेच या म्हणून. केशरबाईही बरोबर गेली, कारण 'लगेच या' म्हटल्यावर तिला घरी बसवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. सृष्टीनं कॉम्प्युटरवरची नोटीस वाचून दाखवली. अर्जदार नमूद पत्त्यावर आढळून आली नाही. तेथे काम करणाऱ्या दोन महिलांनी अर्जदार गावी गेल्याचे व दिवाळीपूर्वी परतणार नसल्याचे सांगितले. शेडच्या मालकीबाबत त्यांना माहिती नव्हती. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा अर्ज नामंजूर करण्यात येईल.

"काकू, या दोन बायका कोण?" सृष्टीनं विचारलं. "तुमच्या वाईटावर असलेली कोणी आहे का तिथं?"

केशरबाईनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं पदराआडून आवाज आला, "तो साहेब हुता व्हय? तो तर निस्ता गाडीवर आल्ता."

सगळं कळल्यावर सृष्टी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग रतनबाईचा चेहरा बघून थांबली. दसऱ्याला जेमतेम पंधरा दिवस राहिले होते. "घाबरू नका," ती म्हणाली, "मी लिहिते की अर्जदार बाजारात गेली होती आणि त्या बायका शेजारच्या होत्या, त्यांना काही माहिती नव्हतं. असं लिहितात सगळे. चालतं."

चाललंही असतं. पण रतनबाईला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि लाजेच्या तळाशी राग होता. "नगं," ती म्हणाली. "चौदा वरसं मी कागदावर न्हवतेच की. आता पयल्यांदा कुनी माजं नाव घेऊन आलं तर मीच न्हाई म्हनले. आन् आता पुन्ना ल्ह्यायचं, की मी न्हवते? हुते मी तिथं. तेच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी राधाकृष्ण शेठ शेडवर आले. बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, की असली कागदाची झंझट बायामाणसांनी अंगावर घेऊ नये, ऐंशीच्या ऐंशी खोप्या आपल्या बिलावर जातील, आडोसा तेवढा वगळू. रतनबाईनं त्यांना नव्या कपात चहा दिला. तोंडात रिंगा होत्याच. 'अंहं' म्हणाली.

त्याच आठवड्यात दोघी एसटीनं नगरला गेल्या. रतनबाई एकटीच जाणार होती, पण केशरबाई अडून बसली. खोटं बोलण्यात आपला वाटा मोठा आहे, तर कबूल करतानाही आपण पाहिजे, असं तिचं म्हणणं. कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडत होता, कार्यालयाच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, आणि दोन्ही एकच ना, अशी केशरबाईनं वाटेत तिघांकडून खात्री करून घेतली. जिना चढून, चार टेबलं विचारत त्या शेवटी एका टेबलापुढं उभ्या राहिल्या. रुमालाशिवायचा हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण टेबलामागच्या माणसानं मान वर केली आणि त्यानं मात्र दोघींना ओळखलं.

"तुम्ही त्या कालव्याजवळच्या..."

"व्हय," रतनबाई म्हणाली. "मीच रतनबाई आदिनाथ फुंदे. आन् त्या दिशी ती गावाला गेलीय म्हनले ती बी मीच."

"दिवाळीचं मी म्हनले साहेब," केशरबाई पुढं सरकली. "त्यात तिचा काय दोष न्हाई. ती निस्तं गावाला म्हनली हुती."

शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "अहो पण का? मी काय तुम्हाला धरून न्यायला आलो होतो?"

मग रतनबाईनं सांगितलं. तोडणीत कोयता म्हणजे काय, वहीत नाव कोणाचं असतं, आणि बाईचं पुरं नाव घेऊन कोणी आलं की टोळीत काय म्हणायची रीत असते. फार नाही, आठ-दहा वाक्यं. आयुष्यात एका दमात ती एवढी कधी बोलली नसेल. आडोशाचंही सांगितलं. पुरुषमाणसापुढं अंघोळीचं बोलताना तिची मान खाली गेली, पण ती थांबली नाही.

निरीक्षकांनी तिचा अर्ज फायलीतून काढून पुढं ओढला. मग म्हणाले, "वीस वर्षं झाली मला या खात्यात. घरात असून नाही म्हणणारी माणसं रोज भेटतात. आपण नाही म्हणालो होतो हे सांगायला मात्र आजवर कोणी आलेलं नाही." "पण मला तोंडी ऐकून काही करता येत नाही. खुलासा लेखी आला पाहिजे. आत्ता बोललात तेच लिहा, वर काही सजवू नका. तो आला की मी पुन्हा येतो."

"येताना पांढऱ्या गाडीनं या साहेब," केशरबाई म्हणाली. "म्हंजी वळखू येतं."

सृष्टीनं खुलासा लिहिला तो असा. मी, अर्जदार, तपासणीच्या दिवशी हजर होते. अधिकाऱ्यांना मी घरी नाही असे मीच सांगितले. ऊसतोडीत असताना लागलेल्या सवयीने ते तोंडातून गेले, त्यात फसवण्याचा हेतू नव्हता. शेड माझे पती यांचे असून व्यवसाय माझा आहे. खाली रतनबाईनं सही केली. एकेक अक्षर सुटं, पण कोणालाही वाचता येईल असं.

घटस्थापना झाली. रतनबाई देवीच्या दर्शनालासुद्धा शेड सोडून गेली नाही. चौथ्या माळेला केशरबाईनं कालव्यापलीकडून येणारी मोटारसायकल हेरली आणि एवढ्या मोठ्यानं वर्दी दिली की निरीक्षक गाडी उभी करायच्या आत रतनबाई रस्त्यावर होती. "या साहेब. मीच रतनबाई," ती म्हणाली. त्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं. एव्हाना पेंटरकडून आलेल्या बोर्डाखाली तिला उभं करून त्यांनी फोटो काढला, मशिनी बघितल्या, एक खोपी उलगडून बघितली. जपून ठेवलेली बिस्किटं एव्हाना मऊ पडली होती, तरी त्यांनी दोन खाल्ली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नंबर आला. सृष्टीनं दाखला छापून दिला आणि रतनबाईनं तो तिच्याकडून चारदा वाचून घेतला. नंबर, पत्ता, तारीख यांत तिला काही गोडी नव्हती. नावाची ओळ आली की ती 'हं' म्हणायची. कारखान्याला निरोप गेला आणि शेडमधल्या मशिनींना पुढं महिनाभर उसंत मिळाली नाही. पहिलं बिल करायची वेळ आली तेव्हा सृष्टीनं मालाचं नाव 'ताडपत्री तंबू' असं टाकलं होतं. रतनबाईनं ते खोडायला लावलं आणि 'खोपी, आडोशासह' असं लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात कर भरल्याची पावती आली तेव्हा तिनं बायकांना पेढे वाटले. कर भरला म्हणून पेढे वाटणारं माणूस सृष्टीनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिनं दोन पेढे जास्त उचलले.

मार्गशीर्षात एका खोपीची झडप नीट बसत नाही असा निरोप पुणतांब्याकडच्या एका टोळीतून आला. दुसऱ्याला पाठवायचं सोडून रतनबाई आदिनाथच्या ट्रॅक्टरवर बसून स्वतः गेली. सकाळचं ऊन वर आलं होतं. नदीच्या बाजूला तोडलेल्या फडात एका रांगेत अकरा खोप्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मागं आडोसा. झडपेची दोरी उलट्या रिंगेत ओवली होती, एवढीच खोट. तिनं ती काढून नीट ओवली. त्या खोपीत सविता नावाची एक नवी नवरी राहत होती, पहिलाच हंगाम तिचा. ती ओल्या केसांनी आडोशातून बाहेर आली आणि दोरी ओवणाऱ्या या बाईला कारखान्याची कोणी समजून बोलायला लागली.

"आत वारं लागतं का गं?" रतनबाईनं विचारलं.

"न्हाई मावशी. लई झ्याक हाय. आई सांगायची, तिच्या टायमाला अंधारात उठून अंगुळ करावी लागायची. आता आमी समदं उजाडल्यावर करतो. रोज तासभर जास्ती झोप हुती."

रतनबाई तिच्याकडं बघत राहिली. पोरीचा चेहरा उन्हात टवटवीत दिसत होता, डोळे स्वच्छ होते, आणि झोप पुरी झालेली बाई फडावर तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.